आधी माणसे, मग संस्था
कर्मवीर भाऊराव पाटील यांचे लोकसंग्रही जीवन

जैन समाज हा परंपरेने व्यापार-उदीम आणि शेती करणारा समाज आहे. भांडवल उसने मिळते, पत मात्र स्वतः मिळवावी लागते, हे व्यवहारज्ञान या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या लाभलेले आहे. दुकानाची पाटी लागण्यापूर्वी ज्याच्या शब्दावर चार माणसे विश्वास ठेवतात, त्याचे दुकान चालते. ज्याच्याकडे नुसता पैसा असतो आणि माणसे नसतात, त्याच्या पहिल्याच अडचणीत दाराला कुलूप लागते. व्यापारातील हे सत्य ज्या थोर पुरुषाने शिक्षणाच्या क्षेत्रात आणून दाखविले, ते पद्मभूषण कर्मवीर डॉ. भाऊराव पाटील होत. त्यांनी उभारलेली रयत शिक्षण संस्था आज महाराष्ट्राला परिचित आहे. तथापि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी ती संस्था जन्माला येण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे भाऊरावांनी जी माणसे जोडली, त्यांचा इतिहास तितकासा सांगितला जात नाही. धर्मादाय कार्य करणाऱ्या प्रत्येकाने तो जाणून घ्यावा असाच आहे.

जन्म आणि जडणघडण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या पहाडामुळे हे गाव जैन बांधवांना सुपरिचित आहे. त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते, तर आई गंगाबाई या धर्मपरायण गृहिणी होत्या. दिगंबर जैन पाटील घराण्यातील शिस्त, व्रतवैकल्ये आणि शेतकरी जीवनाशी असलेला निकटचा संबंध या वातावरणात त्यांचे बालपण गेले. वडिलांच्या नोकरीतील बदल्यांमुळे लहानपणीच त्यांना निरनिराळी गावे पाहावयास मिळाली. गावोगावी दिसणारी शिवाशीव त्यांच्या मनाला कधीच मानवली नाही.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. तो काळ राजर्षी शाहू छत्रपतींच्या कार्याने भारलेला होता. महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने जैन समाजात शिक्षणाची जागृती सुरू केली होती आणि आण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे सुविद्य कार्यकर्ते त्या कार्यात अग्रभागी होते. वसतिगृह मिळाले तर खेड्यातला मुलगा शिकू शकतो, ही गोष्ट भाऊरावांनी येथे प्रत्यक्ष पाहिली. पुढील आयुष्यभर त्यांच्या कार्याचा केंद्रबिंदू ठरलेल्या वसतिगृहाच्या कल्पनेचे बीज जैन बोर्डिंगमध्येच पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले, ही घटनाही तितकीच महत्त्वाची आहे. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव आवर्जून उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी स्नान करण्यास नकार दिला आणि बोर्डिंगचे दार त्यांना बंद झाले. पुढे काही काळ शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरात राहिले. शालेय परीक्षांत त्यांना यश लाभले नाही. मात्र या काळात मिळालेले दुसरे शिक्षण अधिक खोलवर रुजले. समाजासाठी काढलेली चांगली संस्थासुद्धा काहींना बाहेर ठेवते, तेव्हा तिचे चांगलेपण अपुरे राहते, हा धडा ते कोल्हापुरात शिकले.

दुधगावची मूठ

भाऊरावांचा विवाह कुंभोजच्या आदाक्का यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. संसार सुरू झाला तरी भाऊरावांना स्थिर उत्पन्न नव्हते. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या सुरू केल्या आणि अल्पावधीतच पाटील मास्तर म्हणून ते ओळखले जाऊ लागले. शिकवणीच्या निमित्ताने साताऱ्यातील अनेक कुटुंबांशी त्यांचा घरोबा जुळला.

याच सुमारास, १९१० च्या आसपास, वारणाकाठच्या दुधगाव येथे काही समविचारी मित्रांच्या सहकार्याने त्यांनी विद्यार्थी आश्रम सुरू केला. मोठा देणगीदार पाठीशी नव्हता, सरकारी अनुदानही नव्हते. तेव्हा गावातील प्रत्येक घराने रोज मूठभर धान्य बाजूला काढावे आणि त्यातून मुलांचे जेवण चालावे, असा मार्ग काढण्यात आला. घरातील गृहिणी स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ वेगळी ठेवू लागली. त्या मुठीचे मोल बाजारभावाने पाहिले तर नगण्य होते. परंतु जे घर रोज आपल्या हाताने मूठभर धान्य देते, त्या घराला तो आश्रम आपला वाटू लागतो. एखाद्या धनिकाने वर्षाचे धान्य एकदम दिले असते, तर मुलांची पोटे भरली असती. गाव मात्र लांबून पाहत राहिले असते.

जैन शास्त्रात कर्माचा विचार कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन प्रकारांनी केला जातो. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्या कार्याला मनापासून संमती दिलेले, या तिन्हींचा वाटा जीवाला मिळतो. दुधगावात मूठ देणारी गृहिणी, घरोघर फिरून ती गोळा करणारा कार्यकर्ता आणि या कामाला बरे म्हणणारा गावकरी, हे सारे एकाच पुण्यकार्याचे भागीदार होते. भाऊरावांनी त्यांच्या कार्याला हे शास्त्रीय नाव दिले असो वा नसो, लोकसहभागाचे हे सूत्र त्यांच्या हाती दुधगावातच गवसले.

सत्याची कसोटी

१९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्या प्रकरणात आण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यासाठी त्यांना अटक झाली, कोठडीत अतोनात हाल सोसावे लागले. त्या छळाने उद्विग्न होऊन त्यांनी स्वतःचे जीवन संपविण्याचाही प्रयत्न केला. तरीही त्यांच्या तोंडून खोटा शब्द बाहेर पडला नाही.

लठ्ठे हे कोल्हापुरातील जैन समाजाचे आणि बोर्डिंगच्या कार्याचे एक प्रमुख आधारस्तंभ होते. ज्या बोर्डिंगमधून आपणास बाहेर काढले, तेथील माणसांविषयी मनात कटुता बाळगणे भाऊरावांना सहज शक्य होते. एका खोट्या साक्षीने त्यांची सुटकाही सुकर झाली असती. सत्य अणुव्रताची याहून कठोर परीक्षा क्वचितच कोणा गृहस्थाची झाली असेल. या प्रकरणातून भाऊराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या हाती ना पदवी होती ना पैसा. परंतु हा माणूस प्राण गेला तरी शब्द फिरवीत नाही, अशी त्यांची ख्याती झाली. व्यापारी ज्याला पत म्हणतो, ती हीच होय. पुढील काळात त्यांच्या साध्या तोंडी आवाहनावर शेतकऱ्यांनी आपली मुले त्यांच्या स्वाधीन केली, त्यामागे ही पत उभी होती.

नांगराबरोबर गावोगाव

यानंतर भाऊरावांनी उद्योगक्षेत्रात पाऊल टाकले. ओगले बंधूंचा काच कारखाना आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना यांच्यासाठी विक्रीचे काम ते करू लागले. कुंडलजवळच्या उजाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली होती आणि तेथे लोखंडी नांगर तयार होत होते. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत दृढ होती. वाडवडिलांपासून चालत आलेला लाकडी नांगर सोडण्यास शेतकरी तयार नव्हते. त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपावयास बराच काळ लागला.

अशा परिस्थितीत नांगर विकणाऱ्याला केवळ किंमत सांगून भागत नसे. शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागे, त्याच्याशी पीकपाण्याच्या गोष्टी बोलाव्या लागत, त्याची शंका शांतपणे ऐकून घ्यावी लागे. एका शेतकऱ्याचे समाधान झाले की शेजारचे चार शेतकरी पुढे येत. भाऊराव स्वतः शेतकरी कुटुंबातील असल्याने ही भाषा त्यांना उपजत येत होती. विक्रीच्या निमित्ताने त्यांनी सातारा, सांगली, कोल्हापूर या भागातील खेडीपाडी पायाखाली घातली.

नांगर विकता विकता त्यांना शेतकऱ्याचे खरे दुखणे कळले. कर्जाच्या कागदावर काय लिहिले आहे हे न वाचता अंगठा उठविणारे शेतकरी त्यांनी पाहिले. हुशार असूनही गुरांमागे जाणारी मुले त्यांनी पाहिली. नांगर सुधारला तरी नांगर धरणारा अज्ञानीच राहिला तर त्याची स्थिती पालटणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्याच वेळी कोणत्या गावात कोण जाणता आहे, कोण शब्दाला जागणारा आहे, कोणाच्या घरी मुक्काम करता येईल, याची नोंद त्यांच्या मनात आपोआप होत गेली. सत्यशोधक समाजाच्या प्रचारकार्यातही ते सहभागी होते. त्या चळवळीतील जलसे, सभा आणि परिषदा यांतून आणखी माणसे जोडली गेली. शाळा काढण्याचा विचार त्यांनी उघडपणे मांडण्यापूर्वीच त्या शाळेचे हितचिंतक शेकडो गावांत तयार झालेले होते.

काले येथील संकल्प

सातारा जिल्ह्यात कराडजवळ काले हे गाव आहे. तेथे सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या सहकार्याने १९१९ च्या विजयादशमीस, ४ ऑक्टोबर रोजी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचे नावच बोलके आहे. रयत म्हणजे शेतात राबणारी सामान्य जनता. संस्था रयतेसाठी होती आणि रयतेच्या बळावरच ती चालावयाची होती. काले आणि नेर्ले यांसारख्या गावांत वसतिगृहे सुरू झाली. या वसतिगृहांत सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करीत. कोल्हापूरला जे दार भाऊरावांसमोर बंद झाले होते, ते येथे सर्वांसाठी उघडे ठेवण्यात आले.

दोन उपक्रम, दोन पाये

याच काळात भाऊरावांनी आणखी एका उपक्रमात स्वतःला झोकून दिले. साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांच्यासमवेत सातारा रोड येथे नांगरांचा कारखाना उभारण्यासाठी त्यांनी अपार कष्ट घेतले. किर्लोस्करवाडीचा अनुभव आणि गावोगावचा परिचय त्यांच्या गाठीशी होता. कारखान्याच्या उत्पन्नातील काही वाटा रयतेच्या मुलांच्या शिक्षणासाठी मिळावा, ही त्यांची मनोमन अपेक्षा होती. ती पूर्ण होण्याची चिन्हे दिसेनात, मतभेद विकोपाला गेले आणि भाऊराव कारखान्यातून बाहेर पडले.

कारखाना पुढेही चालला. स्वतः कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे काही महिने पंतप्रधानही झाले. भाऊरावांच्या स्वप्नातला शिक्षणाचा वाटा मात्र त्या कारखान्यातून कधी आला नाही. एकाच माणसाने, जवळजवळ एकाच वेळी, दोन उपक्रमांना हात घातला होता. पहिल्याचा पाया दोन व्यक्तींमधील विश्वासावर होता. तो विश्वास ढळताच भाऊरावांचे तेथील काम संपले. दुसऱ्याचा पाया शेकडो खेड्यांतील लोकांच्या विश्वासावर होता. तेथे एखाद्याने साथ सोडली तरी दहा जण उभे राहत. यानंतर भाऊरावांनी उद्योगाचा मार्ग सोडला आणि संपूर्ण आयुष्य शिक्षणाला वाहिले. १९२४ साली संस्थेचे मुख्य केंद्र साताऱ्यास आले.

लक्ष्मीबाईंचे दान

साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले दाखल झाली. कर्मठ जैन संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंना आरंभी हे जड गेले असल्यास नवल नाही. परंतु हळूहळू त्या साऱ्या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले, उधारी मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी एकेक करून आपले दागिने मोडले. अखेरीस मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या जेवणासाठी दिले. सौभाग्यवती स्त्रीने मंगळसूत्र उतरविणे म्हणजे काय, हे त्या काळच्या समाजात निराळे सांगावयास नको.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने जैन परंपरेत श्रेष्ठ मानली आहेत. लक्ष्मीबाईंच्या त्या एका कृतीत आहारदान आणि ज्ञानदान दोन्ही सामावलेली होती. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचे वैभवाचे दिवस त्यांना पाहावयास मिळाले नाहीत. मात्र भाऊराव इतरांकडे मागतात ते स्वतःच्या घरातले सर्व दिल्यानंतरच मागतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर भाऊरावांच्या झोळीत देणारा हात आखडला नाही.

वटवृक्षाचा विस्तार

१९२७ साली महात्मा गांधींनी साताऱ्याच्या वसतिगृहास भेट दिली आणि त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय निघाले. त्यामागची योजना दूरदृष्टीची होती. खेड्यातून आलेला मुलगा शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात जावा आणि तेथील मुलांना शिकवावे, असे हे चक्र होते. पुढील काही वर्षांत डोंगराळ व दुर्गम भागात संस्थेने पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा सुरू केल्या. देवळात, धर्मशाळेत, कोणाच्या पडवीत या शाळा भरत. जागा गावाची, धान्य गावाचे आणि शिक्षक रयतचा, अशी ती वाटणी होती.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे विनाशुल्क निवासी हायस्कूल सुरू झाले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. येथील विद्यार्थी शेतात, रस्त्यावर, बांधकामावर काम करीत आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकत. कमवा आणि शिका ही योजना पुढे सर्वत्र नावारूपास आली. एका धनिकाने भरघोस देणगी देऊन महाविद्यालयाला आपले नाव देण्याची अट घातली असता भाऊरावांनी ती देणगी नाकारल्याची हकीकत सातारा भागात आजही सांगितली जाते. एका मोठ्या देणगीसाठी हजारो लहान देणगीदारांचा हक्क गहाण ठेवण्यास ते तयार नव्हते.

पत पणास लागली तेव्हा

संस्थेच्या जीवनातील सर्वांत कठीण प्रसंग स्वातंत्र्यानंतर लगेचच आला. मुंबई राज्याच्या सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद करण्यात आले. शेकडो शाळा, हजारो मुले आणि शिक्षकांचे पगार यांचा भार एकाएकी अंगावर पडला. केवळ अनुदानावर जगणारी संस्था असती तर ती तेथेच संपली असती. परंतु दुधगावच्या मुठीपासून जोडलेली माणसे या वेळी पुढे आली. शेतकऱ्यांनी धान्य दिले, माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मिळकतीतून वाटा दिला, शिक्षकांनी ओढाताण सोसली. निष्कांचन संत गाडगे महाराजांनी भाऊरावांसाठी आपला शब्द खर्ची घातला आणि सरकारकडे रदबदली केली. काही काळाने अनुदान पूर्ववत सुरू झाले. १९५४ साली कराड येथे सुरू झालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देऊन संस्थेने त्यांचे स्मरण कायम केले.

खांद्यावर घोंगडी, हाती काठी अशा वेषात हिंडणाऱ्या या माणसाला लोकांनी प्रेमाने कर्मवीर म्हटले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. पदवी दिली आणि भारत सरकारने पद्मभूषण किताबाने गौरविले. ज्यांना स्वतःला शालेय शिक्षण पूर्ण करता आले नाही, त्यांच्या कार्यापुढे विद्यापीठ नतमस्तक झाले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. २०१९ साली संस्थेने शताब्दी पूर्ण केली. सातशेहून अधिक शाखा असलेल्या या संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाची पारंबी जमिनीत उतरते, मूळ धरते आणि स्वतःच खोड होऊन मूळ वृक्षाला आधार देते. भाऊरावांनी जोडलेली माणसे अशीच होती.

उपसंहार

सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी कोणत्याही विश्वस्त संस्थेचा हिशेब मांडला जातो. इमारती, ठेवी, शिष्यवृत्त्या यांचे आकडे त्यात असतात आणि ते असलेच पाहिजेत. कर्मवीरांचे चरित्र या हिशेबात आणखी एक रकाना जोडावयास सांगते. संस्थेसाठी आज किती घरे आपल्या मुठीतला वाटा बाजूला काढतात, किती हात कामाला येतात आणि किती जण दारातून परत गेले, हा तो रकाना होय. नवे विद्यार्थीगृह, औषधालय वा उद्योगकेंद्र काढण्याचा संकल्प जेथे जेथे होत असेल, तेथे कोनशिला बसविण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे लोकांच्या दारी जाण्यात घालविली, तर तो काळ वाया जात नाही. दगडाचा पाया कालांतराने खचू शकतो. माणसांच्या विश्वासावर घातलेला पाया मात्र संकटाच्या दिवसांत अधिक घट्ट होतो.

समाजाने एकदा दाराबाहेर ठेवलेल्या या सुपुत्राने अवघ्या महाराष्ट्रासाठी दार उघडले. त्याचा अभिमान बाळगताना त्या बंद दाराचेही स्मरण ठेवणे, हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल. कर्मवीरांच्या पावन स्मृतीस विनम्र वंदन.